जमीलाखालाने धरलेली जागा

बातमी आली तेव्हा मी गाडीत होते. यवतमाळ-उमरखेड, सकाळची फेरी. आर्णी सुटलं होतं, गाडी गच्च भरली होती आणि मी दोन बाकांच्या मधून वाट काढत तिकिटं देत होते. फोन सलीमचा होता. सलीम म्हणजे आमच्या पाळणाघरवाल्या जमीलाखालाचा मुलगा. बसस्टँडमागच्या गल्लीत त्याचं मोटरसायकलचं गॅरेज आहे. तो सहसा फोन करत नाही, काही असलं तर खालाच करायची. "मावशी, अम्मी गेली," एवढंच बोलला... आणि मी म्हटलं, "बरं." बरं म्हणजे काय, कपाळ माझं! पण तोंडातून तेच निघालं. कंडक्टरचं असं असतं, दुःख झालं म्हणून भरल्या गाडीतून मध्येच उतरता येत नाही. मी पुढच्याला तिकीट दिलं, त्याच्या पुढच्याला दिलं, आणि तिसऱ्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं, "बाई, उरलेले पैसे मंग द्या, आधी डोळे पुसा." तेव्हा मला कळलं की मी रडत होते.

परत येईपर्यंत दुपार उलटली. अंगावरच्या खाकीतच मी लोहाऱ्याच्या रस्त्याला तिच्या घरी गेले. तोवर दफन होऊन गेलं होतं. मी खालाला शेवटचं पाहिलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तिच्या शांत चेहऱ्याचं वर्णन कोणी इथे शोधू नये. शांत चेहरा तसाही तिचा कधी नव्हता. भुवया कायम वर चढलेल्या, दोरीने बांधलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोंड चालू. घरातल्या बायका एका कडेला बसून हळू आवाजात कुराण पढत होत्या. पुढची खोली, म्हणजे तिचं पाळणाघर, मात्र रिकामी होती. वीस वर्षांत त्या खोलीत दिवसाढवळ्या एकही लेकरू नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला तिथे उभंच राहवेना.

दुसऱ्या दिवशी डेपोत पल्लवी भेटली. पल्लवी आमच्याकडची तरुण कंडक्टर. सातवा महिना लागला म्हणून तिला गाडीवरून उतरवून पासच्या खिडकीवर बसवलं आहे. नवरा पुण्याकडे कंपनीत, सासू नाही, आई भावाकडे आजारी. दोन महिन्यांपूर्वी मीच तिला खालाकडे नेलं होतं आणि येणाऱ्या बाळासाठी जागा धरून दिली होती. त्याचे पैसेही तिने भरले होते. मला वाटलं, ही आता खालाबद्दल दोन शब्द बोलेल. बोललीही. वाईट झालं म्हणाली, आणि मग खाली मान घालून हळूच विचारलं, "मॅडम, आता माह्या जागेचं काय?" असा संताप आला मला! अगं, माती अजून ओली आहे आणि तुला जागेचं पडलंय? मी तिला खिडकीवरच नाही नाही ते बोलले. मग ती डोळे पुसत म्हणाली, "लेकरू कोठी ठेवू, सांगा ना? सकाळी साडेपाचले त्याले कोण घेईन? रजा संपली की नोकरी सोडाच लागते मग. अन् खालाची तब्येत बरी नोती, तर तिनं पैसे घेतले काहून?"

तुरीचं साल दातात अडकावं तसा तो प्रश्न दिवसभर मला सलत राहिला. कारण वीस वर्षांपूर्वी पल्लवीच्या जागी मीच होते, आणि मी तिच्यासारखं हळूच विचारलं नव्हतं, चांगलं भांडले होते.

तेव्हा आमच्या डेपोत बायका कंडक्टर आम्ही दोघीच. नवरा लोहाऱ्याच्या कारखान्यात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. मला पहिल्या फेरीची ड्युटी असायची. गावात पाळणाघरं होती, नाही असं नाही, पण ती ऑफिसवाल्यांची. दहाला उघडायची, साडेपाचला कुलूप. पहाटे दार उघडणारं घर एकच, जमीलाखालाचं. कारण तिचं पाळणाघर सुरूच झालं होतं शेजारच्या एका नर्सबाईच्या पहाटेच्या ड्युटीवरून. मी सहा महिन्यांची पोटुशी, धापा टाकत तिच्याकडे गेले, तर ही बाई म्हणते, आज सहा पोरं आहेत, तीन महिन्यांनी एक शाळेत जाईल, ती जागा तुमची. पण आतापासून धरायची असेल तर दर महिन्याला अर्धी फी भरा. म्हणजे बाळ जन्मायचंय, यायचंय, आणि फी आजपासून! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आम्ही पाच वर्षांखालच्या पोराले फुकट नेतो एस.टी.त, अन् तुमी पोटातल्याचं तिकीट फाडता?" मला वाटलं, आता बाई गप्प होईल. तिने चष्मा वर केला आणि शांतपणे सांगितलं, "तुमी त्याले फुकट नेता, पण मायच्या मांडीवर नेता. सीट देता का? मी सीट देऊन राह्यलो, कंडक्टरबाई."

त्या दिवसापासून मी तिची कंडक्टरबाई झाले ती शेवटपर्यंत. पैसे भरले, पण मनात राग धरून भरले. घरी सासूबाईंनी वेगळाच घोर लावला. आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी झबलंसुद्धा शिवत नाहीत, नजर लागते म्हणतात, आणि ही सून चक्क त्याच्यासाठी जागा धरून आलेली! त्यांनी दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं. आणि झालंही नेमकं तसंच. पोरगी दोन महिने आधी आली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. दवाखान्यात काचेच्या पेटीत ती, बाहेर बाकावर मी, आणि सासूबाई माझ्याकडे पाहताहेत. मला वाटलं, माझ्याच हातून झालं हे. मी नवऱ्याला खालाकडे पाठवलं, म्हटलं, सांगा तिला, दुसऱ्याला देऊन टाक ती जागा, आमची पोर जगते की नाही तेच ठाऊक नाही. तो गेला तसा परत आला. खालाने त्याला चहा पाजला होता आणि निरोप दिला होता. "जागा पोरीच्या नावची हाय. तुमी कोण नाही म्हणणारे? ती सोता येऊन नाही म्हणीन तवा पाहू."

मी त्या दवाखान्याच्या बाकावर बसून अशी रडले, अशी रडले की काय सांगू! साऱ्या जगात ती एकटी बाई माझी पोर येणार हे धरून बसली होती. पोरगी आली. साडेचार महिन्यांची होऊन, अंगाने दोन महिन्यांची दिसत, खालाच्या दारात आली. भिंतीला लागून पाच गोधड्या अंथरलेल्या आणि सहावीही अंथरलेली, रिकामी. खालाकडे प्रत्येक पोराची आपापली गोधडी, आपापली जागा. जागा रिकामी झाली त्या दिवसापासून ती येणाऱ्या बाळाची गोधडीही रोज अंथरायची आणि संध्याकाळी रोज घडी करायची. तिच्यावर दुसऱ्या पोराने लोळलेलं चालत नसे. पोरं दटावून सांगायची एकमेकांना, तिथं नको जाऊ, बाळ येऊन राह्यलं! माझी पोर त्या गोधडीवर ठेवली तर चार पोरं तिच्याभोवती जमली आणि त्यातली एक पोट्टी म्हणाली, आली काय व तू, कवाची वाट पाहून राह्यलो.

पुढे खालाची-माझी जमली. मी तेव्हा तिला विचारलंही, की एवढा विश्वास आहे तुझा, मग पैसे कशाला घेतेस? ती म्हणाली, हे पैसे आयांना बांधायला नाहीतच. आया कुठे जाणार, त्यांना गरज आहे. हे मला बांधायला आहेत. रोज दारात कोणी ना कोणी येतं, रडतं, दुप्पट देतो म्हणतं. रिकामी जागा समोर दिसत असते, माझंही मन फिरतं. पैसे घेतलेले असले की फिरत नाही. स्वतःच्या मनावर एवढा कमी विश्वास असलेली आणि म्हणूनच एवढी भरवशाची बाई मी दुसरी पाहिली नाही. मला तिचा अभिमान वाटतो, आणि तो मी कोपऱ्यात ठेवणार नाही, चारचौघांत सांगणार.

सहाच पोरं, हा तिचा कायदा. सातव्यासाठी साहेबलोकांच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या तरी नाही. दोन मांडीवर, दोन दोन हातांशी, एक पाठीवर अन् एक पाळण्यात, सातवं कोठी ठेवू, डोक्यावर? असं ती विचारायची. पोर घ्यायला उशीर झाला की भल्याभल्यांची खरडपट्टी निघायची. एका बँकेच्या मॅनेजरला तिने दारात उभं करून विचारलं होतं, तुमच्या बँकेत कोणी बंद व्हायच्या वेळेले आलं तर घेता का आत? ताप असलेलं पोर दारातूनच परत. पोरांना वरणभात ती स्वतः कालवून भरवायची आणि प्रत्येकाला साहेब म्हणायची. खा साहेब, झोपा साहेब, साहेबानं चड्डी ओली केली वाटते! तिच्या हाताखालून गेलेले ते साहेब आज कुठे कुठे आहेत, माझी लेक इंजिनिअरिंगला आहे, आणि अजूनही कोणी साहेब म्हटलं की तिला आधी खाला आठवते.

आता जे लिहायचं ते लिहायला मला जड जातं. पण नुसतं गोड गोड लिहून खाला उभी राहणार नाही, आणि चूक माझी होती, तिची नाही. माझी लेक शाळेत गेल्यावरची गोष्ट. वैशाली मॅडम म्हणून एक शिक्षिका होत्या. लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेलेले. त्यांनी चौथ्या महिन्यातच खालाकडे जागा धरली, पैसेही, बाळ आल्यावरच्या सहा महिन्यांचेसुद्धा, एकदम भरले. आणि नवव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. साऱ्या ओळखीच्यांत हळहळ झाली. मग कोणीतरी विचारलं, खालाने पैसे परत दिले का? दिले नव्हते. मी तडक गेले आणि म्हटलं, खाला, ते पैसे आजच्या आज परत कर, लोक नावं ठेवून राहिले. ती भाजी निवडत होती. नाही देत, म्हणाली. मी कारण विचारलं, तर मान वर न करता पुन्हा तेच, नाही देत. मी तोंडाला येईल ते बोलले. मेलेल्या लेकराचं भाडं खाऊ नये, असंही बोलले... आणि निघून आले. एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. डेपोत चार जणींना सांगितलं की बाई पैशाची आहे, मी ओळखलंच नव्हतं.

पंधरा-वीस दिवस मी त्या रस्त्याला फिरकले नाही. मग लेकीचा शाळेतून येताना पाय मुरगळला, आणि सलीमने तिला उचलून आपल्या घरी नेलं. मी धावत गेले. दुपारची वेळ, पोरं निजलेली. भिंतीशी सहावी गोधडी अंथरलेली होती आणि तिच्यावर वैशाली मॅडम बसल्या होत्या. नुसत्या बसल्या होत्या, भिंतीला टेकून, डोळे मिटून. एक जागं पोर त्यांच्या पदराशी खेळत होतं. मी दारातच थबकले. खालाने मला हाताला धरून आत स्वयंपाकघरात ओढलं आणि दबक्या आवाजात सांगितलं की रोज येतात, शाळा सुटली की येतात, संध्याकाळपर्यंत बसतात. घरी त्या बाळाचं नावही कोणी काढू देत नाही त्यांना. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पैसे परत केले तर जागा बी परत घ्या लागते, कंडक्टरबाई. मंग मॅडम येतीन कोणाच्या जागेवर?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने मला एवढं तरी आधी का सांगितलं नाही? तर म्हणे, ते त्यांचं दुःख, ते मी गल्लीत कायले वाटू? म्हणजे माझे शिव्याशाप खाल्ले, गावाची बोलणी खाल्ली, पण दुसऱ्या बाईचं रडणं झाकून ठेवलं. मॅडम सहा महिने, म्हणजे पैसे भरले होते तितके दिवस येत राहिल्या. तेवढे दिवस त्या घरात पोरं पाचच होती. मग त्यांची पुसदला बदली झाली. पुढचं मला माहीत नाही. मी डेपोत ज्या चौघींना सांगितलं होतं त्यांना परत बसवून सांगितलं की मी चुकले, एवढंच मला करता आलं. खालाची माफी कधी नीट मागितली नाही. एकदा सुरुवात केली तर म्हणाली, राहू दे, आज भाजीत मीठ आधीच जास्त हाय, तुह्या डोळ्यातलं सांडशीन.

शेवटची भेट म्हणजे आठवडाभर आधी फोनवर सांगून पल्लवीला घेऊन गेले ती. खाला खाटेवर बसून होती, पाय सुजलेले, दोन वाक्यांमध्ये थांबून श्वास घ्यावा लागे. पोरांचं सगळं सून पाहत होती, शबाना. या शबानाबद्दल सांगायला हवं. ती ब्लाउज शिवते, हात चांगला आहे तिचा. पोरांच्या किरकिरीचा तिला मनस्वी कंटाळा, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. माझ्यादेखत तिने कितीदा सासूला म्हटलं होतं, अम्मी, बास करा आता हे. त्या दिवशी खालाने पल्लवीचे पैसे हातात घेतले, शबानाकडे पाहिलं आणि मगच उशीखाली ठेवले. मला वाटलं, थकली आहे, जपून ठेवते आहे. मी निघताना ती म्हणाली, ये मधूनमधून, गाडीचे किस्से सांगत जा. मी हो म्हटलं, आणि ड्युट्यांच्या नादात गेले नाही... ते सलीमचा फोन येईपर्यंत.

म्हणून पल्लवीचा प्रश्न मला टोचत होता. एवढी आजारी असताना कशाला बांधून घेतलंस खाला? आयुष्यभर शब्द पाळलास आणि शेवटचा तेवढा अर्धा ठेवून गेलीस? शबानाकडे विचारायची मला हिंमत होत नव्हती. मयताच्या घरी जाऊन जागेचं काय म्हणून कोणत्या तोंडाने विचारावं? पल्लवीला मी ज्यावरून झापलं तेच मी करणार होते. तिकडे पल्लवीने नवऱ्याला सांगून टाकलं होतं की बाळंतपणानंतर नोकरी सोडते. एस.टी.ची नोकरी लागावी म्हणून त्या पोरीने किती खस्ता खाल्ल्या ते मी पाहिलं आहे. माझा जीव तिळतिळ तुटत होता.

खालाचा चाळिसावा दिवस झाला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी सकाळची ड्युटी संपवून गेले. मनाशी ठरवलं होतं, नुसतं भेटून यायचं. दाराशी एक बाई आधीच उभी होती, नोकरीवाली दिसत होती, कडेवर दहा-अकरा महिन्यांचं गोंडस लेकरू. शबाना उंबऱ्यात होती. गळ्यात शिवणाची टेप तशीच, एका खांद्यावर ओकलेल्या दुधाचा डाग, हातात कोणाची तरी वाटी. आतून पोरांचा कालवा येत होता. ती बाई काकुळतीला येऊन सांगत होती की सोमवारपासून हजर व्हायचंय, पैसे म्हणाल ते देते, आजच पूर्ण देते. शबाना म्हणाली, जागा नाही ताई. त्या बाईने तिच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं, बोटाने मोजलं आणि म्हणाली, पाचच तर आहेत हो, खाला सहा घ्यायच्या ना?

"सहावं आठव्या महिन्यात हाय," शबाना म्हणाली.

ती बाई गेली. मी तिथेच उभी. शबानाने मला आत बोलावलं, तेव्हा मी न राहवून विचारलंच की तुला तर हे सगळं नको होतं ना? तिने वाटी खाली ठेवली. अम्मीने पैसे घ्यायच्या आधी मले विचारलं होतं, म्हणाली. कंडक्टरबाई एक पोरगी घेऊन येऊन राह्यली, मी तिच्या बाळापर्यंत पुरत नाही, तू धरशीन का? धरत असशीन तरच घेतो, नाही तर आत्ताच नाही म्हणतो. शबाना चार दिवस विचार करत होती आणि मग हो म्हणाली होती. म्हणून ती नजर. खालाने स्वतःला बांधून घेतलं नव्हतं, आपल्यामागे कोण ते पाहून, त्याला विचारून, मग पैसे घेतले होते. आणि मी मूर्ख, तिचा शब्द अर्धा राहिला म्हणून झुरत होते!

मी रडले आणि हसलेही. मग आत कोणी तरी भोकाड पसरलं आणि शबाना, काय झालं साहेब, म्हणत धावली. मी बाहेर येऊन पल्लवीला फोन लावला. म्हटलं, रजेच्या अर्जात परत हजर होण्याची तारीख टाक, आणि ठळक अक्षरात टाक.